पुढचं पाणी यायच्या आधीच टाकी कोरडी पडते? भाड्याच्या रूममध्ये काय काय तपासायचं

तक्रार दरवर्षी तीच असते. जून-जुलैत ॲडमिशन होतं, चार जण मिळून रूम घेतात, पावसाळाभर सगळं सुरळीत चालतं. दिवाळी उलटली की बोअर मंदावतं, नळाचं पाणी लांबत जातं. फेब्रुवारी उजाडला की फोन सुरू होतात, "दादा, टाकी तिसऱ्याच दिवशी संपली. पुढचं पाणी आठव्या दिवशी. काय करू?" पोरं संभाजीनगरची असोत, लातूरची असोत की जालन्याची, फोन सारखाच.

यात सगळ्यात आधी होतं ते भांडण. मालक म्हणतात पोरं लई पाणी सांडतात, पोरं म्हणतात खालच्या मजल्यावरचे जास्त वापरतात, खालचे म्हणतात महापालिकेनं पाणीच कमी सोडलं. मग वर्गणी काढून टँकर येतो, चार दिवसांत तोही संपतो आणि पुन्हा तेच. गावाकडून शिकायला आलेली पोरं रूमच्या निमित्तानं माझ्याकडे येत असतात, त्यामुळं अशा बऱ्याच टाक्यांमध्ये मी डोकावलो आहे. नळाला पाणी किती दिवसांनी सुटणार हे आपल्या हातात नाही. पण टाकीतलं पाणी कुठं जातं ते एका रात्रीत कळतं, आणि ते कळल्याशिवाय टँकरवर पैसे घालू नयेत असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशोब, मग संशय

पुष्कळदा गळती कुठंच नसते, टाकीच लहान असते. गच्चीवरच्या काळ्या टाकीवर क्षमता लिहिलेली असते. समजा १००० लिटरची टाकी आहे आणि तिच्यावर दोन फ्लॅट, म्हणजे आठ जण. प्रत्येकानं काटकसरीनं ५० लिटर वापरलं तरी रोजचे ४०० लिटर झाले. टाकी अडीच दिवसांत संपणारच, यात कुणाचा दोष नाही. पाणी आठ दिवसांनी येत असेल तर तेवढ्या माणसांना ३२०० लिटरचा साठा लागतो. म्हणजे खाली हौद हवा, किंवा वर आणखी टाक्या हव्यात, किंवा माणसं कमी हवीत.

५० लिटर हा आकडा मी उगाच धरलेला नाही. शहरांच्या पाणीपुरवठा योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. आपल्याकडं उन्हाळ्यात तेवढं मिळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. एक बादली आंघोळ म्हणजे १५ ते १८ लिटर, संडासाला १५, पिण्याला आणि स्वयंपाकाला ५-६, भांड्यांना ५, आणि कपड्यांचं दर दिवसावर वाटून ८-१०. असं ५०च्या आसपास भागतं. शॉवर लावला तर हा हिशोब पहिल्या दहा मिनिटांतच मोडतो. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जातं. मार्च ते जून शॉवरची चकती काढून कपाटात ठेवा आणि त्यावर रूममध्ये वाद घालू नका.

हिशोबानं टाकी पाच दिवस पुरायला हवी आणि ती तीन दिवसांत संपते, असं असेल तर पुढं वाचा.

एका रात्रीची तपासणी

एक सरळ काठी किंवा जुना पडद्याचा पाइप घ्या, स्वच्छ धुवा, टाकीत तळापर्यंत उभा बुडवा आणि ओल कुठवर आली ते सेंटिमीटरच्या टेपनं मोजा. टाकीच्या तळापासून ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंतची उंचीही एकदा मोजून ठेवा. १००० लिटरच्या टाकीत ही उंची १०० सेंटिमीटर भरली तर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण १० लिटर. तुमच्या टाकीची उंची वेगळी असेल तर क्षमतेला उंचीनं भागा.

रात्री अकराला सगळ्यांची कामं आटोपली की पातळी मोजा. टाकीवर दुसरा फ्लॅट असेल तर त्यांनाही सांगून ठेवा. रात्री कुणी वापरलं तर बादल्या मोजायच्या, एवढंच. सकाळी सहाला, कुणी उठायच्या आत, पुन्हा मोजा. पातळी जागच्या जागी असेल तर गळती नाही, वापर जास्त आहे. चार-पाच सेंटिमीटर उतरली असेल तर झोपेत ४०-५० लिटर पाणी गेलं, आणि दिवसाच्या चोवीस तासांत त्याच्या तिपटीहून जास्त जातंय.

दुसऱ्या रात्री गच्चीवर टाकीच्या बाहेर येणाऱ्या पाइपावरचा कॉक, म्हणजे आपल्या फ्लॅटची लाइन, बंद करून तेच करा. पातळी उतरायची थांबली तर गळती तुमच्या घरात आहे. तरीही उतरत असेल तर ती टाकीच्या जोडणीत, दुसऱ्याच्या लाइनमध्ये किंवा टाकीच्या बुडाला आहे. मालकाशी बोलायचं ते हे आकडे घेऊन. "काका, रात्रीत पाच सेंटिमीटर उतरतं, आमचा कॉक बंद असताना" असं सांगितलं की मालकही वर येऊन बघतात. "पाणी पुरत नाही हो" एवढंच सांगितलं तर कुणी येत नाही.

मुलींनी रात्री गच्चीवर दोघी-दोघी जावं. टाकीत कुणीही वाकून डोकं घालू नये. आणि खालच्या हौदात तर कुठल्याही कारणानं उतरू नका, तो कितीही रिकामा दिसला तरी. बंद हौदात हवा नसते आणि माणूस आत गुदमरतो. ते काम मालकानं माहीतगार माणसाकडून करून घ्यायचं.

घरातली गळती: दहापैकी आठ वेळा फ्लश

टपटपणारा नळ डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्याच्यामागं लागतात. सेकंदाला एक थेंब या वेगानं गळणारा नळ दिवसाला १५ ते २० लिटर घालवतो. वॉशर बदला, पाच-दहा रुपयांचं काम आहे. पण फ्लशची टाकी गळत असेल तर आवाजही येत नाही आणि दिवसाला शंभर-दोनशे लिटर भांड्यातून निघून जातात.

तपासणी अशी. फ्लशच्या टाकीचं झाकण उघडा, त्यात चमचाभर हळद पाण्यात कालवून टाका, किंवा शाईचे चार थेंब. फ्लश ओढू नका. वीस मिनिटांनी भांड्यात बघा. रंग उतरलेला दिसला तर बुडाचा वॉशर पाणी धरत नाही. पाणी वरच्या उभ्या नळीच्या तोंडातून आत पडताना दिसत असेल तर मात्र तरंगणारा फुगा नीट बसत नाही. त्याची दांडी किंवा स्क्रू थोडा खाली करा. पाणी नळीच्या तोंडाखाली दोन बोटं थांबलं पाहिजे.

बुडाचा वॉशर आपल्याकडं लवकर का जातो, तर बोअरच्या पाण्यातले क्षार. पांढरा थर रबरावर आणि त्याच्या बैठकीवर बसतो, रबर कडक होतं, फट पडते. आधी फ्लशखालचा अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, वॉशर काढून लिंबूसत्व घातलेल्या कोमट पाण्यात तासभर ठेवा, बैठक जुन्या टूथब्रशनं घासा. एवढ्यानं काम झालं तर ठीक, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात जुना वॉशर हातात घेऊन जा आणि तसाच मागा. मापं वेगवेगळी असतात. मोबाइलवरचा फोटो दाखवून आणलेला वॉशर बऱ्याचदा बसत नाही. दुरुस्तीला दोन दिवस लागणार असतील तर तोवर अँगल कॉक बंदच ठेवा आणि बादलीनं पाणी घाला.

पहाडसिंगपुऱ्यात बीडकडच्या चार पोरांची एक रूम होती. टाकी तीन दिवसांत संपायची. खालच्या कुटुंबाशी बोलणं बंद होण्यापर्यंत पाळी आली होती. रात्रीची मोजणी केली तर सहा सेंटिमीटर उतरलं. हळद टाकली तर भांडं पिवळं. वॉशर काढला तेव्हा त्याच्या कडेला खडूसारखा थर होता, नख लावलं की पापुद्रे निघायचे. नवा वॉशर टाकल्यावर तीच टाकी पाचव्या दिवसापर्यंत गेली. खालच्या काकूंनी नंतर स्वतःहून सांगितलं की त्यांच्याही फ्लशमध्ये हळद टाकून बघा.

टाकीत पाणी आहे, आपल्याच नळाला नाही

ही तक्रार वेगळी आणि तिची कारणं दोन.

पहिलं म्हणजे टाकीची भोकं. एकाच टाकीतून दोन-तीन फ्लॅटच्या लाइनी काढताना प्लंबर सोयीनं भोकं पाडतो. ज्याचं भोक वर त्याचं पाणी आधी बंद पडतं, ज्याचं तळाशी त्याला शेवटच्या बादलीपर्यंत मिळतं. गच्चीवर जाऊन बघा. तुमची लाइन पंधरा-वीस सेंटिमीटर वर असेल तर १००० लिटरच्या टाकीत दीड-दोनशे लिटर तुमच्या वाट्याला कधी येतच नाहीत. खालचे काही चोरत नाहीत, जोडणीच तशी आहे. मालकाला दाखवा. भोकं एका पातळीवर आणणं किंवा तुमच्यासाठी वेगळी ५०० लिटरची टाकी बसवणं, यातलं एक तरी त्यांनी करायला हवं. तुम्ही भाडं पूर्ण देता.

दुसरं म्हणजे लाइनमध्ये हवा धरणं. टाकी पूर्ण कोरडी होऊन पुन्हा भरली की पाइपात हवा अडकते. नळ फुर्रफुर्र करतो, धार येत नाही. घरातले सगळे नळ पूर्ण उघडा, सगळ्यात खालच्या नळापासून सुरुवात करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. तरी नाही आलं तर ज्या नळाला पाणी चांगलं येतं, तो आणि बंद पडलेला नळ रबरी पाइपनं जोडा आणि दोन्ही उघडा. पाण्याचा दाब हवेला मागं ढकलतो. प्लंबरला बोलावलं तर तोही हेच करतो.

एकाच नळाची धार बारीक असेल तर तोंडाची जाळी काढून बघा. क्षारानं आणि गाळानं ती बुजलेली असते. लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकून ठेवली की मोकळी होते.

मोटार, हौद आणि बोअर

हौदातून वर पाणी चढवताना टाकी भरून वाहिली तर आठवड्याचा हिशोब अर्ध्या तासात बिघडतो. पाणी पहाटे तीनला सुटतं, मोटार लावून पोरगं पुन्हा झोपतं, गच्चीवरून पाणी गटारीत. यावर उपाय स्वस्त आहे. टाकी भरली की वाजणारा अलार्म इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. चौघांत वर्गणी काढून आणा, मालकाची वाट बघू नका. मोटार सुरू आहे, आवाजही येतोय, पण पाणी चढत नाही, असं असेल तर मोटार लगेच बंद करा. हौदात पाणी फुटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हच्या, खाली गेलं असेल किंवा पंपात हवा शिरून त्याची पाण्यावरची पकड सुटली असेल. कोरडी चालवली तर मोटार जळते, आणि मग खर्च कुणी करायचा यावरून वाद होतो. ओल्या हातानं स्टार्टरला हात लावू नका, आणि बोर्डावर पाणी गळत असेल तर तो दुरुस्त झाल्याशिवाय मोटार लावायची नाही, मग पाणी सुटलेलं असो की नसो.

बोअरबद्दल एक गोष्ट समजून घ्या. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. या खडकात पाणी वाळूत साठतं तसं सगळीकडं साठत नाही, ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात असतं. म्हणून शेजारच्या बोअरला पाणी असतं आणि तुमच्या बोअरला नसतं. म्हणून डिसेंबरात तासभर चालणारं बोअर एप्रिलमध्ये पंधरा मिनिटांत हवा फेकायला लागतं. अशा वेळी ते बंद करून दोन-तीन तास थांबा, भेगांतून पाणी पुन्हा गोळा होतं. सकाळी पंधरा मिनिटं, दुपारी पंधरा, रात्री पंधरा, असं थोडं थोडं उपसलं तर एकदम उपसण्यापेक्षा जास्त पाणी मिळतं आणि मोटारही वाचते.

मालकांना एक विचारा, "काकू, बोअरचा आणि नळाचा कॉक वेगळा आहे का?" बऱ्याच घरांत दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं. मग नळाचं चांगलं पाणीही जड होऊन जातं, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि फ्लशचे वॉशर खराब होतात ते वेगळंच. शक्य असेल तिथं बोअरचं पाणी संडास, फरशी आणि कपड्यांना, नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला. तेवढ्यासाठी ज्या घराला दोन टाक्या आहेत, त्याचं भाडं थोडं जास्त असलं तरी मी तेच घर घ्या असं सांगतो.

जे वापरात धरतच नाहीत

कूलर. मराठवाड्यातल्या मे महिन्यात मोठा कूलर दिवस-रात्र चालला तर ४०-५० लिटर पाणी पितो. म्हणजे रूममध्ये एक जादा माणूस राहतो असं समजा. चौघांच्या हिशोबात त्याची बादली कुणी मोजत नाही, आणि मग मे महिन्यातच टाकी का संपते याचं कोडं पडतं. कूलर नको असं मी म्हणणार नाही. ४२-४३ अंशांत अभ्यास करायचा तर तो लागतो. पण दुपारी बारा ते पाच सगळे लायब्ररीत जाऊन बसले तर तेवढे तास तो बंद राहतो.

आरओ फिल्टर. एक लिटर शुद्ध पाण्यामागं साधारण दोन-तीन लिटर पाणी बाजूच्या नळीतून बाहेर पडतं. ती नळी सिंकमध्ये सोडलेली असते. तिच्याखाली बादली ठेवा. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात चालतं. कूलरमध्ये मात्र टाकू नका, त्यात क्षार जास्त असतात आणि गवताच्या जाळ्या लवकर कडक होतात.

सोलर. गच्चीवरून गरम पाणी खाली पोचेपर्यंत पाइपातलं थंड पाणी सोडून द्यावं लागतं. दुसऱ्या मजल्यावर पाच-सात लिटर, आणि चौघांनी वेगवेगळ्या वेळी आंघोळ केली तर चौपट. एकामागं एक आंघोळ करा, पहिलं थंड पाणी बादलीत धरा. थंडीत एवढ्यावर रोजची एक बादली वाचते.

पाणी सुटतं त्या दिवशी

कुणाची पाळी आहे हे आधीच ठरलेलं असावं, भिंतीवर लिहिलेलं असावं. चौघांचा ग्रुप आहे म्हणून कुणीतरी उठेल, असं धरलं की कुणीच उठत नाही. परीक्षेच्या काळात ज्याचा पेपर दुसऱ्या दिवशी नाही तो उठेल, हेही आधीच बोलून घ्या. गल्लीत पाणी कधी सुटणार हे लाइनमनला माहीत असतं, आणि त्याच्याही आधी शेजारच्या काकूंना. शेजाऱ्यांशी चांगलं राहिलात तर "पोरांनो, पाणी आलं रे" ही हाक मिळते, आणि तिचा उपयोग कुठल्याही ॲपपेक्षा जास्त आहे.

पहिल्या पाच-दहा मिनिटांचं पाणी पिण्यासाठी धरू नका. मधले सगळे दिवस नळाची लाइन रिकामी असते, आणि रिकाम्या लाइनमध्ये जोडांच्या फटींतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी सुटलं की तीच आधी येते. ते पाणी संडासाच्या ड्रममध्ये जाऊ द्या. धार स्वच्छ झाली की मग पिण्याचं.

नळाला थेट टिल्लू पंप लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. लावू नका. महापालिका असे पंप जप्त करतात, हे एक कारण. पण खरं कारण असं की पंप लाइनमधून ओढतो तेव्हा त्याच गल्लीतल्या शेवटच्या घरांचं पाणी तुटतं आणि गटारीशेजारच्या फटीतून घाण ओढली जाण्याची शक्यता आणखी वाढते. ती घाण तुमच्याच हौदात येते. सगळी गल्ली लावते म्हणून आपणही लावायचा, हे मला पटत नाही. पाणी जमिनीच्या पातळीखालच्या हौदात पंपाशिवाय पडू द्या आणि हौदातून वर चढवा. हौदच नसेल तर नळाजवळ खाली २०० लिटरचं टिपाड ठेवून त्यात भरा.

साठवलेलं पाणी

आठ दिवस पाणी साठवायचं म्हणजे डासांची काळजी आलीच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यातून उडणारा डास व्हायला आठवडाभर ते दहा दिवस लागतात. म्हणजे पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर आणि डासाची वाढ जवळपास सारखी पडते. प्रत्येक भांड्याला घट्ट झाकण, टिपाडाला झाकण नसेल तर जुनी सुती ओढणी ताणून बांधा, आणि पाणी येण्याच्या आदल्या दिवशी तळाचं पाणी संडासात ओतून भांडं आतून घासा. कडेला चिकटलेली अंडी नुसत्या धुण्यानं जात नाहीत, घासावीच लागतात. कूलरचंही तसंच, आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा.

पिण्याचं पाणी उकळणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर राहू द्या आणि झाकून थंड करा. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग वरचं पाणी गाळून उकळा. मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनचे, थेंब वापरायचे तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि अर्धा तास थांबून. थंड पाण्याचे वीस लिटरचे जार बरेच जण लावतात. जार थंड असतो म्हणून तो शुद्ध असतो असं नाही. जिथून आणता तिथं एकदा जाऊन जार कसे धुतात ते डोळ्यांनी बघा.

तरीही टँकर लागलाच तर

काही भागांत लागतोच. संभाजीनगरच्या सातारा परिसरात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. पैठणला जायकवाडीचं एवढं मोठं धरण, तरी तिथून शहरात पाणी आणणाऱ्या वाहिन्या, पंप आणि टाक्या जेवढं पेलतात तेवढंच नळाला येतं. धरण भरल्याची बातमी वाचून टँकर बंद करू नका. आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा धनेगावच्या मांजरा धरणात काही उरलंच नव्हतं. अशा वर्षी घरातली काटकसर पुरत नाही, आणि त्याबद्दल स्वतःला किंवा रूम पार्टनरला दोष देत बसू नये.

टँकर बोलावताना पाणी कुठून भरतो ते विचारा. विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर ते पिण्याच्या भांड्यात घेऊ नका. किती लिटरचा आहे ते विचारा आणि हौदाची पातळी आधी-नंतर त्याच काठीनं मोजा. पूर्ण टँकर एका हौदात मावत नसेल तर शेजारच्या घराशी आधीच ठरवून अर्धा-अर्धा घ्या, नाहीतर उरलेलं पाणी रस्त्यावर जातं आणि पैसे पूर्ण द्यावे लागतात.

मालकाशी काय आणि कधी बोलायचं

रूम घेताना सगळे लाइट बिल विचारतात, वायफाय विचारतात. पाण्याचं विचारत नाहीत, कारण जुलैत नळाला धो-धो पाणी असतं. विचारायचं ते असं: एका टाकीवर किती माणसं, हौद किती लिटरचा, बोअर मागच्या मे महिन्यात किती मिनिटं चालत होतं, आणि टँकर आला तर पैसे कोण देणार. शेवटचा प्रश्न तर करारात लिहूनच घ्या. "मागच्या वर्षी पोरांनी दिले होते" हे तोंडी उत्तर मे महिन्यात फार महाग पडतं. मे महिन्याचं उत्तर खरं आहे का ते बघायला त्याच घरात आधी राहिलेल्या पोरांना गाठा. कॉलेजात दोन फोन केले की कुणीतरी सापडतं.

करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो तसा करणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये असं आहे की भाडेकरूचं पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा मालकानं योग्य कारणाशिवाय तोडायच्या किंवा अडवायच्या नाहीत. भांडणात "उद्यापासून तुमचा कॉक बंद" असं कुणी म्हणालं तर हे शांतपणे सांगा, आवाज न चढवता. बहुतेक मालक वाईट नसतात, त्यांनाही त्याच टाकीतून पाणी भरायचं असतं. पण दुरुस्तीचा निरोप फोनवर देण्याऐवजी मेसेजवर द्या, तारखेसह आणि पातळीच्या आकड्यांसह. डिपॉझिट परत घेताना त्याचा उपयोग होतो.

हे सगळं करूनही टाकी पुरत नसेल आणि मालक हौद किंवा टाकी वाढवायला तयार नसतील, तर रूम बदला. पण ते जानेवारीच्या शेवटापर्यंत ठरवा. मार्चनंतर चांगल्या पाण्याच्या रूम रिकाम्या राहत नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये परीक्षा चालू असताना सामान हलवणं, नव्या जागी पाण्याच्या वेळा समजून घेणं, हे कुणालाच झेपत नाही. नवीन जागा बघायला जाताना संध्याकाळी जा, गच्चीवर चढा, टाकीचं झाकण उघडा आणि काठी सोबत न्यायला विसरू नका.